देवाची बाग आणि चुलीतले लाकूड
(कलशारोहण सोहळ्याच्या तिसऱ्या दिवशी सायंआरतीनंतर सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या प्रसंगी देवाचे माहात्म्य सांगावे, पूर्वजांची आठवण काढावी, हा रिवाज आहे. ते काम अधिकारी माणसांनी काल आणि परवा उत्तम रीतीने केले आहे. माझी सारी नोकरी शेतीखात्यात गेली. लोकांना झाडे लावायला सांगणे आणि लावलेली झाडे का मेली ते शोधून काढणे, एवढाच माझा व्यवसाय. तेव्हा मी झाडांवरच बोलणार आहे. त्यातही देवळामागच्या बागेत उरलेल्या नऊ झाडांवर.

या नऊ झाडांचा विषय कमिटीच्या गेल्या बैठकीत निघाला होता. उत्सवाला आलेल्या सर्वांना तो ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. काही मंडळींचे म्हणणे असे पडले की, नवे देऊळ आता पुरे झाले, एवढा पैसा खर्ची पडला, तर मागची झाडे एकदाची तोडून टाकावीत. त्यांतली बरी लाकडे व्यापाऱ्याला द्यावीत आणि बाकीची महाप्रसादाच्या चुलीसाठी रचून ठेवावीत. यामागे दोन कारणे आहेत, एक भीतीचे आणि एक जळणाचे. दोन्ही खरी आहेत. भीती बाळगणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही, कारण ३ जून २०२० ची दुपार आपण सर्वांनी पाहिली आहे.

त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंतच्या बागायतीची दशा करून गेले. पन्नास-पन्नास वर्षांचे माड आडवे झाले, पोफळी काडीसारख्या मोडल्या, आंब्याची कलमे मुळांसकट उपटली गेली. आपल्या जुन्या सभामंडपावर दक्षिणेकडचा फणस कोसळला, कौले आणि वासे गेले, आणि खरे सांगायचे तर या जीर्णोद्धाराचा आरंभ त्या दिवशीच झाला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अर्धा गाव रात्रभर जागा होता. घरावर झाड पडेल ही धास्ती ज्याने अनुभवली, त्याला झाडाचे गुण सांगत बसणे बरे नव्हे. त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर दिले पाहिजे.

पण त्या वादळानंतर पडलेल्या लाकडाचे आपण काय केले, तेही आठवावे. गावात इतके जळण कधीच पडले नव्हते. प्रत्येकाच्या आगरात पाच-दहा झाडे आडवी. बाहेरचे लोक ट्रक घेऊन आले आणि ‘जागा मोकळी करून देतो’ एवढ्या बोलीवर आंब्या-फणसाची खोडे घेऊन गेले. उरलेल्यावर आठवड्याभरात पाऊस सुरू झाला. ओले लाकूड, वरून पाऊस, खाली चिखल. श्रावणात त्यावर भूछत्रे उगवली. दिवाळीत कुऱ्हाड घातली तर आतून भुसा निघाला. माडाची खोडे तर तशीच पडून राहिली, आणि कुजत्या माडात गेंड्या भुंग्याची अळी वाढते हे आपण पुढच्या दोन वर्षांत पाहिले. जे माड वादळातून वाचले होते, त्यांचे कोंब या भुंग्याने पोखरले. पडलेले लाकूड वेळेवर फोडून, वाळवून चुलीत घातले असते, तर चार वर्षांचे जळण झाले असते आणि उभ्या माडांचीही राखण झाली असती. एकट्यादुकट्याला ते जमण्यासारखे नव्हते. छप्पर उडालेले असताना लाकूड कोण फोडणार? तरी एवढे खरे की, आपली अडचण लाकूड कमी असण्याची नाही. लाकूड कसे वापरावे, ही आपली अडचण आहे.

आता परवाच्या महाप्रसादाकडे येतो. पाकशाळेत ज्या भगिनी होत्या त्यांना सांगायला नको. शिखराच्या बांधकामाला आड येणारा आंबा महिन्यापूर्वी तोडला, त्याचेच ओंडके पाकशाळेत आणले. पहाटे चारला पेटवलेली चूल सहापर्यंत धुमसत होती. भात दोनदा लागला. डोळे चोळत चोळत पंगती वाढल्या गेल्या आणि मग कोणी म्हणाले, ‘आंब्याचे लाकूडच वाईट.’ आंब्याचे लाकूड वाईट नव्हे, ते ओले होते.

नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते. म्हणजे आपण दहा गाड्या लाकूड आणले म्हणतो, तेव्हा त्यातल्या पाच गाड्या पाण्याच्या असतात. हे पाणी आधी उकळावे लागते, त्याची वाफ व्हावी लागते, मगच लाकूड पेट घेते. त्या खटाटोपात चूल थंड राहते, आणि थंड चुलीत लाकडातला जळण्याजोगा वायू न जळता धूर होऊन बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांतून पाणी काढणारा धूर म्हणजे वाया गेलेले जळणच. तेच लाकूड फोडून, वाऱ्यावर रचून, वरून झाकून सहा-आठ महिने ठेवले, तर पाणी पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. मग निम्म्या लाकडात तोच स्वयंपाक होतो. निम्म्या लाकडात होतो म्हणजे निम्मी झाडे वाचतात, हा हिशेब शाळेतली मुलेही करतील.

फोडणे महत्त्वाचे. सालीसकट गोल ओंडका दोन वर्षे ठेवला तरी मधे ओलाच राहतो, कारण साल पाणी अडवून धरते. मनगटाएवढी ढलपी करून उभी-आडवी रचली, मधून वारा खेळू दिला, की काम झाले. वाळले की नाही हे पाहायला यंत्र नको. दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात. टणकन आवाज आला तर वाळले, धप्प आवाज आला तर अजून पाणी आहे. टोकांना भेगा पडलेल्या दिसतात आणि साल आपोआप सुटते. आमच्या आजीच्या पिढीला हे सारे ठाऊक होते. पावसाळ्याची बेगमी म्हणून मार्गशीर्षात तोडायचे, होळीपर्यंत फोडायचे आणि मृगाच्या आधी पडवीत भरायचे, असा घराघराचा क्रम होता. गॅस आल्यावर तो क्रम सुटला. लाकूड मात्र सुटले नाही.

कोणी म्हणेल, गॅस घरोघर आहे, मग ही लाकडाची कथा कशाला? गॅस आहे हे मान्य. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर आपल्या वरच्या वाड्यांतही सिलिंडर गेले. चांगले झाले. पण न्हाणीतले पाणी अजून चुलीवर तापते, भाकरी बहुतेक ठिकाणी चुलीवर, आणि महिन्याच्या अखेरीस सिलिंडर संपला की सगळेच चुलीवर. यात कोणाचा दोष नाही, तो पैशाचा प्रश्न आहे. मी फक्त न्हाणीचा हिशेब मांडून दाखवतो. पाच माणसांच्या घराला आंघोळीसाठी रोज चाळीस लिटर पाणी पंचवीस अंश तापवायचे धरले, तर पाण्यात जायला हवी एक हजार उष्मांक उष्णता. वाळके लाकूड किलोला साधारण चार हजार देते. पण आपली तीन दगडांची चूल त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला पोचवते, बाकीचा हवेत जातो. म्हणजे रोज अडीच किलो वाळके लाकूड. वर्षाचे नऊ क्विंटल. पाच फूट घेराचा रायवळ आंबा तोडला, तर फांद्यांसकट त्याचे वाळके जळण माझ्या ढोबळ हिशेबाने टनाच्या आसपास भरते. तेव्हा मंडळी, एका घराची एका वर्षाची आंघोळ म्हणजे एक आंबा. तीस-चाळीस वर्षे वाढलेला, आणखी तितकीच वर्षे फळ देणारा एक आंबा.

गॅसचाही हिशेब याच रीतीने काढता येतो. १४.२ किलोचा सिलिंडर आणि दहातले सहा हिस्से भांड्याला देणारी शेगडी यांच्या तोडीला साध्या चुलीत सव्वादोन क्विंटलच्या वर वाळके लाकूड लागते, ओले असेल तर त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा ‘परसातले लाकूड फुकट आहे’ असे म्हणताना तोडणावळ, फोडणावळ, वाहणावळ आणि बाईमाणसाचा वेळ धरावा. हा शेवटचा आकडा आपल्याकडे कोणीच धरत नाही. परवा झाडे तोडण्याची चर्चा झाली त्या बैठकीत आम्ही सतरा पुरुष होतो आणि चूल पेटवणारी एकही बाई नव्हती. धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांना विचारल्याशिवाय जळणाचा निर्णय घेऊ नये, असे मला वाटते. हा धूर साधा नाही. घरातल्या चुलीच्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुलेही आहेत, कारण मूल आईच्या जवळ असते आणि आई चुलीजवळ.

कोणते लाकूड चांगले, यावरही आपल्याकडे पुष्कळ वाद चालतो. खरी गोष्ट अशी की, चांगले वाळले असेल तर किलोला किलो जवळजवळ सगळी लाकडे सारखीच उष्णता देतात. फरक पडतो तो जडपणाचा. ऐन, किंजळ, खैर, चिंच ही जड लाकडे. चुलीत थोडी जागा व्यापतात, निखारा धरून ठेवतात. पांगारा, सावर, शेवगा हलके. कागदासारखे भडकतात आणि विझतात, पेटवणाला बरे. आंबा या दोहोंच्या मधला. सुरू हे मात्र वेगळेच झाड, थोडे ओले असले तरी जळते, म्हणून किनाऱ्यावर त्याला इतकी मागणी. दोन पथ्ये जरूर पाळावीत. कण्हेरीच्या काटक्या चुलीत कधीही घालू नयेत, ते झाड विषारी आहे. आणि काजूची टरफले स्वयंपाकाच्या चुलीत टाकू नयेत, त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला बाधतो. फणसाबद्दल तर मी हात जोडून सांगेन. फणसाचे पिवळे लाकूड चुलीत घालणे म्हणजे पैठणीचे पोतेरे करणे. ते सुताराकडे जावे. दाराच्या चौकटी, पाट, देव्हारे, पखवाजाची खोडे त्याची होतात. सभामंडपावर पडला त्या फणसाच्या फळ्या काढून ठेवण्याची सुबुद्धी आपल्या सुतारदादांना झाली, म्हणून आज गाभाऱ्याच्या दाराला त्याच झाडाची चौकट आहे. दर्शनाला जाताना तिच्यावर हात ठेवून पाहा.

झाड तोडावे की नाही, हा प्रश्न आजचा नाही. छत्रपतींच्या राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. पुष्कळ ठिकाणी ते शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फलकावर लावतात. लेखणी अमात्यांची आहे, पण त्यांतली राजनीती महाराजांच्या वेळेपासून चालत आलेली आहे, यात शंका नाही. आरमाराच्या प्रकरणात त्यांनी लाकडाचा विषय घेतला आहे. गलबतांना लाकूड हवेच, आणि राज्याची गरज म्हणजे काही चुलीची गरज नव्हे. तरीसुद्धा ते बजावतात की आंब्या-फणसाला हात लावू नका. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. ते असेही म्हणतात की, एखादे झाड फार जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. म्हणजे झाड कधीच तोडू नये, असा हट्ट त्यांचाही नव्हता. कोणते, कधी आणि कोणाच्या संमतीने, एवढे तीन प्रश्न त्यांनी विचारले. मला वाटते आपण त्याहून जास्त शहाणे होण्याची गरज नाही.

दुसरी हकीकत राजस्थानची आहे, आणि ती देऊळ बांधणाऱ्यांनी जरूर ऐकावी अशी आहे. आपले जुने देऊळ चुन्यात बांधले होते. चुना भाजायला भट्टी लागते आणि त्या काळी भट्टीला लाकूडच लागे. १७३० साली जोधपूरच्या महाराजांच्या वाड्याचे काम निघाले आणि चुनाभट्टीसाठी लाकूड आणायला माणसे खेजडली नावाच्या गावी गेली. तिथे बिश्नोई लोकांची वस्ती. खेजडी हे त्यांचे पूज्य झाड, ज्याला आपण शमी म्हणतो, दसऱ्याला जिची पूजा करतो, तेच. अमृतादेवी नावाच्या बाईने झाडाला मिठी मारली आणि आधी मला तोडा म्हणून सांगितले. तिला तोडले. तिच्या मुलींना तोडले. एकूण ३६३ माणसे त्या झाडांपायी मेली, तेव्हा कुठे महाराजांनी तोड थांबवली. आपल्याकडे असा प्रसंग नाही, येऊही नये. हकीकत सांगितली ती अशासाठी की, तीही एका बांधकामाच्या आणि एका भट्टीच्या जळणाचीच गोष्ट होती. आपले नवे देऊळ सिमेंटचे आहे, त्यात चुन्याच्या भट्टीचे लाकूड गेले नाही. जे काही लाकूड जाणार आहे ते पाकशाळेत.

आता नऊ झाडे. मी गेल्या आठवड्यात गुरवदादांना बरोबर घेऊन प्रत्येक झाड पाहिले, खोडावर ठोकून पाहिले, मुळांशी उकरून पाहिले. चार रायवळ आंबे, एक कापा फणस, एक चिंच, एक बकुळ, एक उंडी, एक काजू.

विहिरीकडचा आंबा पाकशाळेच्या पत्र्यावर झुकला आहे. बुंध्याशी भिरूड लागून भुसा पडतो आहे, ठोकले तर पोकळ वाजतो. हा ठेवण्यात अर्थ नाही. तो पावसाळ्याआधी उतरवावा, आणि पोखरलेला भाग लगेच जाळावा, साठवू नये, नाहीतर आतल्या अळ्या भुंगे होऊन शेजारच्या झाडांवर जातील. वाटेवरचा काजू म्हातारा झाला, बी लागत नाही, आणि पालखीला आडवा येतो. तोही जावा. त्याच्या जागी, वाटेपासून थोडे आत, वेंगुर्ला जातीचे कलम लावावे. ही झाली दोन.

मधले दोन आंबे फार उंच गेले आहेत आणि देवळाच्या बाजूला जड झाले आहेत. भीती खरी यांचीच आहे. यांना मारायचे कारण नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत सांगितली आहे. पाऊस संपल्यावर मधली उंच वाढ आणि दाटी करणाऱ्या फांद्या करवतीने उतरवायच्या, कापावर बोर्डो पेस्ट लावायची, आणि येणारे धुमारे विरळ करून चांगले तेवढे ठेवायचे. दोन-तीन वर्षांत झाड ठेंगणे होऊन पुन्हा फळाला येते. वाऱ्याला कमी अडते, औषध मारायला आणि आंबे उतरवायला सोपे होते. आणि छाटलेल्या फांद्यांचे जळण मिळते ते वेगळेच. कुऱ्हाडीने मात्र फांदी तोडू नये, फांदी चिरते आणि साल खोडापर्यंत सोलून निघते. चिंचेची दीपमाळेवर आलेली एक फांदी याच रीतीने काढावी. चिंचेचे झाड स्वतः पडणारे नव्हे, वाऱ्याला टिकणारी जी झाडे आहेत त्यांत ती येते.

चौथा आंबा बिटकीचा, अगदी कुंपणाला. तो पडला तरी देवळापर्यंत पोचत नाही. त्याची कैरी गावातल्या निम्म्या घरांच्या लोणच्यात असते. शिवाय, ज्यांना हापूस लावायचा आहे त्यांनी लक्षात ठेवावे की, हापूसचे कोय कलम बांधायला रायवळाची कोय लागते. रायवळ तोडत गेलो तर कलमे कशावर बांधणार? फणस निरोगी आहे. त्याचे गरे तळायला, आठळ्या पावसाळ्यात उकडायला सगळ्यांना हव्या असतात, फक्त राखण कोणाला नको. उंडीच्या बियांचे तेल पूर्वी दिव्याला वापरत, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आणि बकुळीबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर माताभगिनीच मला खाली बसवतील.

दोन झाडे तोडायची, तीन छाटायची, चार तशीच ठेवायची, असे माझे म्हणणे आहे. सगळी का नाहीत, याचे एक शास्त्रीय कारण सांगतो, कारण ते भीतीशी निगडित आहे. एकत्र वाढलेली झाडे एकमेकांच्या आडोशाने वारा सोसतात. त्यांतली बरीचशी एकदम काढली तर उरलेली उघडी पडतात आणि पुढच्या वादळात तीच आधी कोसळतात. सगळीच काढली तर वारा सरळ नव्या शिखरावर येतो. आणखी एक गोष्ट या अंगणात प्रत्यक्ष दिसते. पाराभोवती आपण फरशी बसवताना बुंध्यापर्यंत सिमेंट नेले आहे आणि गटारासाठी मुळे तोडली आहेत. मुळे तुटलेले झाड वादळात पडते आणि दोष मात्र झाडाला लागतो. बुंध्याभोवती चार-पाच फूट माती मोकळी ठेवावी, ही माझी इंजिनिअर साहेबांना विनंती आहे.

व्यापाऱ्याचे म्हणाल तर, उभ्या झाडांचा ठोक सौदा करणाऱ्याला आपल्या चिंचेचे आणि बकुळीचे काही देणेघेणे नसते. त्याला ट्रक भरायचा असतो. शिवाय राज्याचा १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडे त्याच्या यादीत आहेत आणि ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. देवाची जमीन म्हणून सूट नाही. तेव्हा विहिरीकडच्या आंब्यासाठी उद्याच अर्ज द्यावा, म्हणजे पावसाआधी काम होईल.

दरवर्षी महाप्रसाद होणार, दरवर्षी जळण लागणार. त्यासाठी फळझाड तोडू नये, जळणाचे झाड लावावे. देवळाच्या मागची वरकस जागा पडीक आहे. तिच्या बांधावर गिरिपुष्प लावावे. पाऊस पडताच फांदी खोचली की लागते, दरवर्षी छाटले की पुन्हा फुटते, पाला भातखाचराला खत म्हणून जातो आणि काटक्या चुलीला. मेंढपाळ मंडळींना आणि गुरेवाल्यांना सुबाभूळ आवडते, तीही चालेल, पण तिचे बी सगळीकडे पसरते, म्हणून शेंगा धरण्याआधी छाटावी. १९८२ साली सामाजिक वनीकरण खाते निघाले तेव्हापासून आकेशिया पुष्कळ ठिकाणी लावले गेले. जळण म्हणून ते बरे आहे, पण देवाच्या बागेत ते मला नको वाटते. त्याखाली फारसे काही येत नाही. हे माझे मत आहे, कोणाचे वेगळे असू शकेल.

घरच्या न्हाणीसाठी तर झाडाला हात लावायचीच गरज नाही, ज्यांच्या आगरात दहा माड आहेत त्यांना. एक माड वर्षाला बाराएक झावळ्या टाकतो. सोडणं, करवंट्या, पोया, चुडतं हे सगळे कोरड्या जागी साठवले तर निम्म्या वर्षाची न्हाणी त्यावर निघते. आज आपण ते आगरात ढीग करून पेटवून देतो आणि लाकडासाठी आंब्याकडे वळतो. हंड्यावर झाकण ठेवले, चुलीला वैल जोडला, खाली हवा यायला जाळी बसवली, तर लाकूड आणखी वाचते. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात गावोगाव आला होता. आपल्याकडच्या पुष्कळ चुली दोन-तीन वर्षांत फुटल्या, धुराडी गळली आणि लोकांनी त्या मोडून टाकल्या. पण चूल फुटली म्हणून कल्पना फुटली असे नाही. पाकशाळेत तीन मोठ्या चुली धुराड्यासह विटांत बांधून द्यायला एक देणगीदार तयार आहेत. नाव सांगायला त्यांनी बंदी केली आहे. त्यांची एकच अट आहे, चुलींची उंची आणि तोंड स्वयंपाक करणाऱ्या बायका ठरवतील.

राहता राहिली लाकडे ठेवायची जागा. काल कोणी तरी ढलप्या देवळाच्या मागच्या भिंतीला लावून रचल्या आहेत. त्या उद्या सकाळी तिथून हलवाव्यात. जमिनीवर ठेवलेल्या लाकडाला वाळवी लागते, तिथून ती भिंतीने वर चढते आणि नव्या सागवानी छताला लागायला तिला दोन पावसाळे पुरतात. विंचू-काट्याचे भय वेगळेच. विहिरीच्या पलीकडे, जमिनीपासून हातभर उंच दगडांवर आडव्या बल्ल्या टाकून, वर पत्रा घालून जागा करावी. चार बाजू उघड्या ठेवाव्यात. चुलीतली राख उकिरड्यावर न टाकता माडांच्या आळ्यात घालावी, माडाला ती मानवते.

विहिरीकडच्या आंब्याच्या अर्जावर सह्या करायचा कागद मी गुरवदादांकडे ठेवला आहे. त्याखाली दुसरा कागद आहे, दसऱ्यानंतर छाटणीला येणाऱ्यांच्या नावांचा. करवती दोन आहेत, तिसरी मुंबईकर मंडळींनी आणावी. आणि पाकशाळेतल्या भगिनींनी त्या दोन्ही कागदांवर आधी नजर घालावी, बदल सुचवायचा असेल तर सुचवावा, मग पुरुषांनी सह्या कराव्यात.